धूर वाचणारी बनाबाई

आष्ट्याच्या बनाबाईला पुस्तक वाचता येत नाही, पण धूर वाचता येतो. एसटीच्या खिडकीतून लांबवर एखाद्या गुऱ्हाळाचं धुराडं दिसलं की ती शेजारणीला सांगणार, "काळा निघतुया. उसाची चिपाडं कोंबल्यात नुसती, वाऱ्याला जागाच न्हाई." शेजारीण बिचारी मोबाइलवर लग्नाचे फोटो बघत असते. तिला काय त्याचं.

बनाबाईचा नवरा आण्णा शिराळ्याकडच्या गुऱ्हाळांवर चुलवाणात, म्हणजे रसाच्या काहिलीखालच्या मोठ्या चुलीत, जाळ घालायचा. ऐन हंगामात तो अचानक गेला आणि मालक दुसरा माणूस शोधू लागला, तेव्हा कुणाला न विचारता बनाबाई चुलवाणाच्या तोंडाशी जाऊन बसली. बाईमाणसाला हे झेपणार नाही म्हणणाऱ्यांची तोंडं पहिल्या काहिलीतच बंद झाली. मग तिनं सव्वीस हंगाम काढले. गूळ पिवळाधमक उतरला की शाबासकी वर काहिलीपाशी गूळ उतरवणाऱ्या गुळव्याला, आणि करपला की शिव्या खाली बनाबाईला. ती म्हणते, असलं काही मी मनात ठेवत नाही. माझ्या मते ठेवते, पण तिच्यापुढं तसं बोलायची माझी छाती नाही.

तिचा मुलगा प्रशांत वेल्डर. पलूसच्या एका कारखान्यात सहा वर्षं राबून त्यानं आठ महिन्यांपूर्वी सांगली रस्त्याला स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान टाकलं. गेट, ग्रील, जिने अशी कामं चालली होती. एक दिवस हायवेवरच्या हॉटेलचा मालक यशराज आला आणि त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. आडवी लोखंडी टाकी, एका बाजूला लहानशी भट्टी, दुसऱ्या बाजूला धुराडं, आणि टाकीत धुरावर शिजणाऱ्या कोंबड्या. "असला स्मोकर आपल्या भागात कुणाकडं न्हाई," यशराज म्हणाला. प्रशांतनं पंधरा दिवस खपून तो केला. काळा रंग, पितळी मुठी, बघत राहावं असा.

शनिवारी चाचणी झाली आणि कोंबडी डांबर फासल्यासारखी बाहेर आली. चव कडूजहर. रविवारी तर हॉटेलवर माजी सैनिकांचा मेळावा, ऐंशी माणसांचं जेवण. यशराजनं सरळ सांगितलं, "उद्या दुपारी जमलं तर जमलं. न्हाईतर तुझी टाकी उचलून ने. का नेली ते लोक इचारतील तवा मी खोटं सांगणार न्हाई." आष्ट्यात असं बोलणं पसरायला संध्याकाळ पुरते. दुकानाचं शटर ओढून पुन्हा कारखान्याच्या दारात उभं राहावं लागणार, हे प्रशांतला स्वच्छ दिसत होतं.

घरी आल्यावर त्यानं ताट बाजूला सारलं. बनाबाईनं त्याचा शर्ट धुवायला घेतला आणि नाकाशी धरला.

"ह्यो कोंडलेल्या धुराचा वास हाय," ती म्हणाली.

"आई, ते गुऱ्हाळ न्हवं. मशीन हाय ते."

बनाबाईनं शर्ट बादलीत बुडवला. सकाळी त्यानं गाडीला किक मारली तेव्हा मात्र ती मागं येऊन बसली.

हॉटेलच्या मागच्या अंगणात तिनं त्या चकचकीत टाकीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. भट्टीत चार लाकडं पेटवून घेतली, उसाच्या वाळल्या पाचटाचा एक धागा धुमसत ठेवला आणि भट्टीच्या दारासमोर धरला. त्याचा धूर आत ओढला जायला हवा होता. तो उलटा तिच्याच तोंडावर आला. तिनं वर पाहिलं.

"धुराडं एवढंसं कुणी केलं?"

"मीच," प्रशांत म्हणाला. "धूर वाया जाऊ नये म्हणून. आत कोंडला तर मुरंल की चांगला."

"कोंडलेला धूर मुरत न्हाई, कुजतोय. त्यो पाव्हणा हाय, आला तसा गेला पायजे. वरची वाट मोकळी आसंल तरच खालनं वारा शिरणार. काप ते."

प्रशांतचं तोंड एवढंसं झालं. यशराज हाताची घडी घालून समोर उभा, आचारी आणि वाढपी कामं टाकून बघतायत. "आई, गिऱ्हाइकापुढं न्हाई," तो हळूच म्हणाला.

"मग कवा? ऐंशी माणसं जेवाय बसल्यावर?"

प्रशांतनं ग्राइंडर उचलला. स्वतःच्या हातानं जोडलेलं धुराडं त्यानं सगळ्यांदेखत कापलं आणि बनाबाईचा पंजा सहज आत जाईल एवढा रुंद पाइप दुकानातून आणून त्या जागी बसवला. पाचटाचा धागा पुन्हा दाराशी धरला. या खेपेला धूर सुतासारखा सरळ आत गेला.

वाढपी कोंबड्या घेऊन धावले. बनाबाईनं चिमटा आडवा धरला. "आजून न्हाई. पांढरा हाय." अर्धा तास तिनं सगळ्यांना तिष्ठत ठेवलं. बाभळीचे वाळके, बारके तुकडे एकेक करून घातले. शेवटी धुराड्यातून नुसती निळसर झाक उरली.

"आवं मावशी, धूरच दिसंना. वास कशाचा लागणार?" यशराज म्हणाला.

"दिसत न्हाई तवाच चांगला लागतोय, मालक. घाला आता."

वरची वाट तिनं शेवटपर्यंत उघडी ठेवली. उष्णता कमीजास्त करायची ती फक्त खालच्या दारानं, दोन बोटं, कधी तीन. झाकण उघडून बघायची खाज आचाऱ्याला दोनदा सुटली आणि दोन्ही वेळा त्यानं हातावर चिमट्याचा फटका खाल्ला. साडेतीन तास बाई रिकाम्या क्रेटवर ठाण मांडून बसली होती. चूक होईल अशी शंका तिच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

दोन वाजता पंगत बसली. कोंबड्या तांबूस, रसाळ. कडूपणाचा मागमूस नाही. रिटायर सुभेदार हंबीरराव ताट हातात घेऊनच मागं आले आणि टाकीभोवती एक फेरी मारून प्रशांतला म्हणाले, "शिराळ्यात पोरानं हाटेल काढलंय. त्याला ह्याच्या दुप्पट करून दे."

"खुशाल करून घ्या," यशराज घाईनं म्हणाला, "पण ह्यो आमचा. ह्याला कुणी हात लावायचा न्हाई." काल टाकी उचलायला सांगणारा माणूस तो हाच.

प्रशांतनं खिशातून वही काढली, टाकीची लांबी लिहिली, रुंदी लिहिली. मग पेन थांबलं. तो उठला आणि क्रेटपाशी येऊन आईसमोर उकिडवा बसला.

"आई, धुराडं केवढं धरू?"

 सव्वीस हंगामांत जाळ वाढव, जाळ कमी कर असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. विचारलं कुणीच नव्हतं. तिनं पदर डोळ्यांना लावला. धुराचं निमित्त सांगावं तर धूरही नव्हता.

"आदी भट्टी केवढी करतुयास ते सांग," ती म्हणाली.