साडूच्या खेळातले एकोणचाळीस दोष

माझा साडू लिफ्ट दुरुस्त करतो. गेली अठरा वर्षं तो इमारतींच्या पोटात उतरतोय. तेलकट दोराला हात लावून दोन मिनिटं गप्प उभा राहतो आणि मग कुठल्या मजल्यावर काय बिघडलंय ते बरोबर सांगतो. एरवी बोलणं जेमतेम. आमच्याकडे जेवायला आला की पिशवीत पाना असतोच, आणि निघायच्या आधी गळका नळ नाहीतर करकरणारं दार नीट करून जातो. असा माणूस कुणाला आवडणार नाही? मलाही तो फार आवडायचा. त्याने खेळ केला तोपर्यंत.

खेळ म्हणजे व्हिडिओ गेम. आता हा प्रांत माझा. मी एका गेम कंपनीत पंधरा वर्षं टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेले खेळ बाजारात जायच्या आधी खेळायचे आणि त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. भिंतीतून आरपार जाणारा घोडा, मेल्यावरही बडबडणारा राजा, असलं सगळं. ऑफिसात मला खुसपटराव म्हणतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. सासरी तर माझा रुबाब यावरच उभा होता. 'थोरले जावई गेममध्ये आहेत,' असं सासरे शेजाऱ्यांना ऐकवायचे, आणि धाकट्याबद्दल म्हणायचे, 'तो लिफ्टचं बघतो.' ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. खोटं कशाला बोलू?

आणखी एक सांगून टाकतो. पंचविशीत मीही स्वतःचा खेळ करायला घेतला होता. त्यात एक दरवाजा झाला आणि एक झाड झालं. दरवाजा उघडत नव्हता. पुढे लग्न, नोकरी, आणि 'वेळच मिळत नाही हो' हे वाक्य. ते वाक्य मी वीस वर्षं वापरलं.

तर एका रविवारी सासऱ्यांकडे जमलो असताना मेहुणीने जाहीर केलं की ह्यांनी एक गेम केलाय. एकट्याने. सहा वर्षं लागली. कपडे वाळत घालायच्या खोलीत, दोरीखाली टेबल लावून, रोज पहाटे कामावर जायच्या आधी दोन तास. आणि साधासुधा नाही, ओपन वर्ल्ड. म्हणजे एकामागून एक ठरलेल्या पायऱ्या नाहीत. अख्खा मुलूख तुमच्यासमोर मोकळा, हवं तिथे जा, लढा, चढा, शोधा. मोठमोठ्या कंपन्यांत चारशे माणसं लागतात त्याला. सासरे आ वासून धाकट्याकडे बघत होते. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

साडू खाली मान घालून म्हणाला की दादांसमोर, म्हणजे माझ्यासमोर, अर्धवट काय दाखवायचं, म्हणून बोललो नाही. आता दोन महिन्यांत बाहेर काढतोय. अनोळखी माणसाच्या खेळाला लोक एक तास देतात. त्या तासात रमले तर रमले, नाहीतर सहा वर्षं पाण्यात. तेव्हा दादांनी एकदा तपासावा आणि चांगलं काय, वाईट काय, दोन्ही सांगावं. दादा हसून म्हणाले, अरे, आण की. दादांच्या पोटात जे दुखायला लागलं होतं त्याला औषध नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून मी खेळायला बसलो. डोंगराळ मुलूख, कड्यांवर वसलेली गावं, आणि गावं जोडणारे दोरावरचे पाळणे. नायिका ते दोर दुरुस्त करणारी बाई. दरोडेखोर दोर कापत फिरतात, ही त्यांच्याशी लढते आणि दोर पुन्हा ओढते. पहिल्या दोन तासांत मला इतक्या चुका सापडल्या की मी खुशीत शीळ घालायला लागलो. दरोडेखोर पन्नास, चेहरे तीन. एक मार खात असताना बाकीचे शहाण्यासारखे रांगेत उभे. खेचर वळवायचं म्हणजे कपाट सरकवल्यासारखं. गुहेत शिरलं की कॅमेरा खडकात तोंड खुपसतो. सगळ्या म्हाताऱ्यांचे आवाज साडूनेच काढलेले, आणि एकही म्हातारी पटत नव्हती. मी लिहीत सुटलो.

पण पाळण्यात बसलो आणि शीळ थांबली. पलीकडच्या पाळण्यात दगड भरल्याशिवाय आपला वर जात नाही. एक दगड जास्त झाला तर धक्का बसतो, कमी झाला तर मध्येच लोंबकळायचं. वजन हातांना जाणवत होतं. आमच्या चारशे माणसांना आजवर ते जमलं नव्हतं.

आणि मग वाटा. या खेळात नकाशावर एकही खूण नव्हती, बाण नव्हता. कुठे जायचं तर माणसांना विचारायचं, आणि प्रत्येकजण आपल्याला ठाऊक तेवढंच सांगणार. मेंढपाळ मेंढरांची वाट सांगतो, तिथे माणसाचा पाय ठरत नाही. पाव भाजणारा फक्त धुराच्या खुणेने वाट सांगतो. एका म्हातारीने मला पुलावरून जायला सांगितलं. मी दीड तास चाललो, तर पूल केव्हाच कोसळलेला. चिडून परत आलो आणि तिला सांगितलं. ती खिडकीतून म्हणाली, "कधी?" एवढंच. मी हातातलं सगळं खाली ठेवून बसून राहिलो.

हे त्याला कुठून सुचलं तेही मला कळत होतं. लिफ्ट बंद पडली की प्रत्येक मजल्यावरचा माणूस त्याला वेगळंच कारण सांगतो, आणि खोटं कुणीच बोलत नसतं. अठरा वर्षं हा गप्प बसून ते ऐकत होता. आम्ही त्याला मुखदुर्बळ समजत होतो. माझा नुसता जळफळाट झाला. माझ्या जगण्यातून मला एक दरवाजा आणि एक झाड मिळालं होतं.

आमच्या धंद्यात दोषांची यादी करतात. प्रत्येक दोषाला दर्जा द्यायचा. पहिला दर्जा म्हणजे हे सुधारल्याशिवाय खेळ बाहेर जाता कामा नये. गुणांसाठी रकाना नसतो. मी साडूला तेच म्हटलं, की आमच्यात गुण लिहायची पद्धत नाही, आणि एकोणचाळीस दोषांची यादी पाठवून दिली. अडतीस खरे होते. एकोणचाळिसावा असा: 'माणसं चुकीची वाट सांगतात, खेळणारा भरकटतो. नकाशावर खुणा आणि बाण द्यावेत. दर्जा पहिला.' लिहिताना मला जराही वाईट वाटलं नाही. उलट अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

त्याने शब्दही न बदलता सगळं केलं. खुणा आल्या, बाण आले. बाण बरोबर दाखवत असल्यामुळे माणसांची चुकीची बोलणी खटकायला लागली, म्हणून त्याने ती काढून टाकली. तीनशेच्या वर माणसं, सगळी एकच बोलायला लागली: 'बाणाच्या दिशेने जा.' आणि जुनं त्याने मुळापासून पुसलं. लिफ्टवाल्यांची रीतच तशी. काढलेला जुना भाग इमारतीत ठेवायचा नाही, नाहीतर कुणीतरी तो उचलून परत बसवतो आणि कुणाचा तरी जीव जातो. खेळ करणारा प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण, मीच ना?

खेळ बाहेर आला. परीक्षणं आली, मोजून चार. जमेची बाजू: पाळणे, उंची, वजन. पडती बाजू: लढाया कंटाळवाण्या, आणि बाणांमागून चालत राहण्यापलीकडे काही नाही, असे शंभर खेळ आहेत. एकाने लिहिलं होतं की इतका सुंदर मुलूख आणि कुणाशी बोलावंसंच वाटत नाही. मी ते तीनदा वाचलं. दोन दिवस मी फार खुशीत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी तपासणीसाठी आलेली जुनी प्रत उघडली. सहज, म्हटलं. मग रोजच उघडायला लागलो. ऑफिसच्या आधी तास दीड तास, कधी दोन. मी हरवायचो, विचारायचो, पुन्हा हरवायचो. अख्ख्या जगात हा खेळ आता माझ्या एकट्याकडे होता, आणि ते मला आवडत होतं.

चार महिन्यांनी साडू आणि मेहुणी घरी आले. साडूने त्या दिवशी नळाकडे पाहिलंही नाही. मेहुणीनेच सांगितलं की पहाटे उठून तो नुसता टेबलापाशी बसतो. बाण काढायला निघालाय, पण माणसं काय बोलायची ते त्याला आठवत नाही. चाळीसेक जणांचं जमलं, बाकीचे मुकेच राहिले. हे जमलं नाही तर तो खेळ मागे घेणार आणि संगणक विकून टाकणार. मग साडूने मला विचारलं की त्याने तपासायला पाठवलेली जुनी प्रत माझ्याकडे असेल का.

मी म्हटलं, "नाही रे. काम झालं की आम्ही पुसून टाकतो. नियमच आहे तसा."

त्याने मान हलवली. नियम म्हटल्यावर त्याला पटलंच. बायको चहाचा ट्रे घेऊन येत होती. ती ट्रे न ठेवताच म्हणाली, "अहो, मग रोज सकाळी खेळता तो कुठला?"

मी उठून लॅपटॉप आणला आणि जुना खेळ उघडून त्याच्यापुढे ठेवला. मेहुणीला सगळं तिथल्या तिथे कळलं. एकोणचाळिसावा दोष का लिहिला, असं तिने माझ्याकडे रोखून बघत विचारलं. मी म्हटलं, "जळलो म्हणून." बायकोने ट्रे खाली ठेवला. मेहुणी पुढे पुष्कळ बोलली, आणि त्यातला एकही शब्द मला खोडता येण्यासारखा नव्हता.

साडू ऐकतच नव्हता. तो पडद्याच्या कोपऱ्यात बघत होता. किती वेळ खेळलो याचा आकडा तिथे असतो: एकशे ऐंशी तास. त्याने आकड्यावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे वळला. कान लाल झाले होते, आणि मला वाटलं, आता हा उठून माझी गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं.

"दादा," तो म्हणाला, "म्हणजे आवडला तुम्हाला?"

पंधरा वर्षांत मी हे कुठल्याही खेळाबद्दल कधी लिहिलं नव्हतं. मी हो म्हटलं. आणि तो हसला. सहा वर्षं मातीत घालणाऱ्या माणसापुढे बसून तो मनापासून, लाजून हसला. त्या क्षणी मला त्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्याच्या खेळाचाही वाटला नव्हता.