टॅबवाल्याच्या हाती

आमचे हे एरवी अगदी गरीब गाय. शेजाऱ्याने आमच्या जागेत गाडी लावली, तर हे आपली गाडी लांब कोपऱ्यावर लावून चालत येतात आणि वर त्याच्याचकडे बघून हसतात. पण संगणकापुढे बसले, की ह्यांच्या अंगात येतं.

उमेदीच्या काळात ह्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहून इंटरनेटवर फुकट ठेवला. नावांची यादी दिली, की तो ती अकारविल्हे लावून देतो. काम एवढंच. पण कुठले कुठले लोक तो उचलून आपापल्या ॲपमध्ये घालतात, चुका कळवतात, दुरुस्त्या पाठवतात, आणि प्रत्येक दुरुस्ती डोळ्यांखालून घातल्याशिवाय हे ती आत घेत नाहीत. ऑफिस सुटलं की हे दुसरं ऑफिस. पगार शून्य, रुबाब मात्र साहेबाचा.

दुरुस्त्या पाठवणाऱ्यांत एक होता 'घुबड'. खरं नाव कुणालाच माहीत नाही, फोटोच्या जागी त्याने घुबडाचं चित्र लावलेलं. त्याचं आणि ह्यांचं भांडण कशावरून? तर प्रोग्रामची ओळ जराशी आत सरकवायची असेल तेव्हा टॅबचं बटण एकदा दाबायचं, की स्पेसचं चारदा. मी डोळे फाडफाडून पाहिलं, मला तर दोन्ही सारखंच दिसलं. पण हे स्पेसवाले, घुबड टॅबवाला, आणि एवढ्यावरून दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांची उणीदुणी काढली. "टॅबवाल्याला मी दारातसुद्धा उभा करणार नाही," असं हे जेवताना मला बजावायचे. जणू मीच त्याला बोलावणार होते.

मग ह्यांच्या मनगटाने दगा दिला. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, ऑफिसपुरतं टाइप करा, बाकी सगळं बंद. आता प्रोग्राम कुणाच्या तरी हवाली करायला हवा होता, नाहीतर बेवारशी पडून राहिला असता. ह्यांच्या घरभर येरझारा सुरू झाल्या. घ्यायला तयार असलेले पुष्कळ होते, सगळे तोंड भरून कौतुक करणारे. पण त्यांतल्या एकानेही तो धड वाचलेला नव्हता.

"अहो, मग वाचलाय तरी कुणी?" मी विचारलं.

हे येरझारा घालता घालता थांबले. मग पडेल आवाजात म्हणाले, "घुबडाने. माझ्याशी भांडायला म्हणून का होईना, ओळ न् ओळ वाचलीय लेकाच्याने."

ताबा घुबडाकडे गेला. त्या दिवशी ह्यांना जेवण गेलं नाही. "आता बघ, सगळीकडे टॅब घालेल," असं म्हणत हे रोज उठल्या उठल्या प्रोग्रामचं इंटरनेटवरचं पान उघडून बसायचे. मला ह्यांची फार दया यायची.

टॅब काही आले नाहीत. उलट एका नवख्याने, "इथे टॅब वापरू या का?" असं विचारलं, तर घुबडाने त्याला झाडलं, "इथे स्पेसच चालतात. आधी नियम वाचून या."

हे विरघळलेच. दुखऱ्या हाताच्या एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत ह्यांनी लिहिलं, "टॅब घातलेत तरी माझी हरकत नाही."

लगेच उत्तर आलं, "तुमचं मत आता कुणी विचारलेलं नाही."

माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांच्या कष्टांची ही किंमत? पण हे खुर्चीत मागे रेलून हसायला लागले, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"सुटलो गं," म्हणाले. "त्याने प्रोग्राम आपला मानला."