पगारेचं म्हातारपण

एकाहत्तरच्या पावसाळ्यानंतर आमच्या बॅटरीला, म्हणजे तोफांच्या तुकडीला, हलायचा हुकूम आला आणि पंजाबच्या सीमेजवळ एका उसाच्या फडाला लागून आम्ही तोफा लावल्या. मी तोफखान्यात सिग्नलर होतो. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात बसून फील्ड टेलिफोन आणि वायरलेस सेट सांभाळायचा, एवढंच माझं काम. पुढे, शत्रूचा मुलूख दिसेल अशा जागी, आमचा एक कॅप्टन दुर्बीण घेऊन बसलेला असे. त्या जागेला ओपी म्हणतात. तो सांगेल तिथे तोफा डागायच्या. त्याचा आवाज माझ्यापर्यंत आणणारी तार शेताबांधांवरून आली होती आणि ती तार सांभाळायचं काम गनर रघुनाथ पगारेचं. तो लाईनमन होता.

मी सिन्नरचा, पगारे सिन्नरपासून सायकलने जाता येईल अशा गावचा. बॅटरीत मराठी बोलायला आम्ही दोघंच. पहाटे स्टॅंड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज, मग दाढी, मग चहा, मग पगारे प्लायर आणि तारेचा ड्रम घेऊन लाईन तपासायला निघायचा. दिवसभर चालून परत आला की खड्ड्यात डोकावायचा.

"शिंद्या, तुझं बरंय. सरकार तुला बसायचा पगार देतं."

त्याची बायको सुमन सात महिन्यांची गरोदर होती. पत्र आलं की तो मला वाचून दाखवायचा, आणि त्यातलं एखादं वाक्य गाळून लाजायचा. माझ्याकडे जुना बॉक्स कॅमेरा होता. एका रविवारी मी त्याला उसासमोर उभं करून फोटो काढला. बेरे, म्हणजे आमची लष्करी टोपी, डोक्यावर, दात सगळे बाहेर. हसू नको म्हणून मी ओरडत होतो म्हणून तो जास्तच हसला. त्याचा जगात तेवढा एकच फोटो आहे.

डिसेंबरात लढाई पेटली. त्या सकाळी चहा होतो न होतो तोच शत्रूचं शेलिंग सुरू झालं. मी टेलिफोनचा हॅंडल फिरवला. पलीकडून काही नाही. मी तोफांजवळच्या साहेबांना ओरडून सांगितलं.

"साहब, ओपी लाईन डेड."

"वायरलेस?"

"जॅमिंग है साहब. कुछ समझ नहीं आ रहा."

"लाईनमन भेजो."

पगारेच्या जोडीदाराला आदल्या दिवशी तापामुळे मागे पाठवलं होतं. तो एकटाच निघाला. पट्टा आवळला, ड्रम पाठीवर टाकला आणि बांध धरून वाकून पळत गेला. मी तो दिसेनासा होईपर्यंत बघितलं आणि खाली बसलो. खाली बसणं हीच माझी ड्यूटी होती.

काही वेळाने टेलिफोन वाजला. लाईनमन जोड दिला की आपला टेस्ट फोन तारेला लावून दोन्हीकडे बोलून बघतो.

"शिंद्या, आवाज येतोय का?"

"येतोय. लाऊड ॲंड क्लिअर."

"ओपी लागतोय का बघ."

ओपी लागला. कॅप्टनने लगेच टार्गेट दिलं आणि आमच्या तोफा बोलू लागल्या. मी नंबर ऐकायचो, मोठ्याने सांगायचो, लिहायचो. असा दिवस गेला. पगारे परत आला नाही, तेव्हा तो ओपीवरच थांबला असेल असं आम्ही सगळ्यांनी धरलं. फायर थांबल्यावर मी ओपीवरच्या कॅप्टनला विचारलं.

"सर, हमारा लाईनमन आपके पास है?"

"नहीं. यहाँ कोई नहीं आया. ओव्हर."

तो जोडापासून जरा अंतरावर सापडला. जोड पक्का होता. वरून टेपसुद्धा नीट गुंडाळलेली होती. आम्ही दिवसभर ज्या तारेवर बोलत होतो, तिच्या शेजारी तो दिवसभर पडून होता.

यात माझी चूक नव्हती. पाळी त्याची, काम त्याचं, हुकूम साहेबांचा. हे मी स्वतःला इतक्या वेळा समजावलंय की पाठ झालंय. तरीही लाज वाटते, ती कसली हे मला बरीच वर्षं सांगता येत नव्हतं. आता येतं. मी म्हातारा झालो याची ती लाज आहे. मला तिशी मिळाली, चाळिशी मिळाली, गुडघेदुखी मिळाली, नातवंडं मिळाली. पगारेला यातलं काही नाही. सुमनवहिनींना भेटायला गेलो की दर वर्षी माझे केस जरा जास्त पिकलेले असायचे, आणि ते लपवावेत असं मला वाटायचं.

हवालदार होऊन मी पेन्शनवर आलो आणि सिन्नरला एसटी स्टॅंडजवळ फोटो स्टुडिओ काढला. लग्नं, बारशी, पासपोर्ट साईज, अंबडच्या कारखान्यांत नोकरीला अर्ज करणारी पोरं. माझा हात रिटचिंगवर बसला. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुती घालवायची, डोळ्याखालचं काळं उजळायचं. पंचायतीच्या उमेदवारांना मी इतकं तरुण केलं की मतदार बूथवर त्यांना ओळखत नसत. पुढे कॉम्प्युटर आला, तोही शिकलो. उसासमोरचा पगारेचा फोटो मीच मोठा करून, फ्रेम करून वहिनींना दिला होता.

पगारेचा मुलगा अशोक बाप गेल्यावर दोन-अडीच महिन्यांनी जन्मला. तोही आता निवृत्तीला आलाय. गेल्या वर्षी त्याने अंबडजवळ फ्लॅट घेतला. गृहप्रवेशाला भंतेजींनी वंदना घेतली, जेवणं झाली. वहिनी आणि मी हॉलमध्ये सोफ्यावर बसलो होतो. मागे भिंतीवर पगारे, बेरे घातलेला, हसणारा, हार घातलेला. शेजारच्या फ्लॅटमधल्या एक बाई आल्या. त्यांनी फोटो बघितला, आम्हा दोघांना बघितलं आणि माझ्याकडे वळून हळहळल्या.

"मुलगा का हो आजोबा तुमचा? फारच लवकर गेला. मिलिटरीत होता ना?"

मी मान हलवली. होकार की नकार, ते माझं मलाच कळलं नाही. वहिनी उठून आत गेल्या.

महिनाभराने अशोक स्टुडिओत आला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसला.

"काका, आई हॉलमध्ये येत नाही. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसते. पोराचा साखरपुडा आलाय, घरातच करायचाय. तेव्हा तिने आत बसावं का?"

"मग काय करायचं म्हणतोस?"

"बाबांचा फोटो आईच्या वयाचा करून द्या. आजकाल करतात. म्हणजे कुणी काही विचारणार नाही."

मी हो म्हणालो. आयुष्यभर मी सुरकुत्या पुसल्या, घालायची वेळ कधी आली नव्हती. पगारेचा बाप तो लहान असतानाच वारलेला, त्याचा फोटो नाही. अशोक आईच्या वळणावर गेलेला. मग पगारे म्हातारा कसा दिसला असता? कॉम्प्युटरने जो चेहरा दिला तो कुठल्याही औषधाच्या जाहिरातीतला वाटायचा. शेवटी मी मोठा प्रिंट काढला आणि जुन्या पद्धतीने पेन्सिल आणि ब्रश घेऊन बसलो. गाल कसा ओघळतो, पापणी कशी उतरते, हे अडलं की समोरच्या आरशात बघायचो. गिऱ्हाइकं भांग पाडतात तो आरसा. काम मन लावून केलं. चांगलं झालं असं मला वाटलं.

फ्रेम घेऊन फ्लॅटवर गेलो. अशोकने ती टेबलावर उभी केली. सूनबाई म्हणाल्या, "अगदी आजोबा वाटतात." वहिनींनी चष्मा पदराने पुसला आणि जवळ येऊन बघितलं.

"भाऊजी, हे तर तुम्ही हाये."

मी वाकून बघितलं. डोळ्यांखालच्या पिशव्या माझ्या होत्या. कपाळावरच्या आठ्या माझ्या. एका बाजूला उतरलेला ओठ, तोसुद्धा माझा. बेरे तेवढी पगारेची. त्याच्या घरात, त्याच्या भिंतीवर टांगायला मी माझंच म्हातारपण घेऊन आलो होतो. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटलं.

"चुकलं, वहिनी. घेऊन जातो."

"बसा," त्या म्हणाल्या. "अशोक, तू ह्यांना सांगितलं का करायला?"

"आई, लोक काहीही विचारतात. तू आत जाऊन बसतेस."

"लोक विचारत्यात म्हनून नाय बसत मी आत." त्या माझ्याकडे वळल्या. "ती बाई परकी, तिला काय ठावं? तिचं मला काय वाटलं नाय. पन तुम्ही गप बसले, भाऊजी. माझा त्यांच्यासंगं संसार झाला किती? आठ महिने, त्यातबी ते रजेपुरते. त्यांना मी काय सांगनार कुनाला? तुम्ही त्यांच्याबरोबर राह्यले, जेवले. तुम्ही होता तिथं. आन् तुम्ही नुसती मान हलवली."

अशोक खाली बघत होता. इतकी वर्षं मी माझे पांढरे केस लपवायला बघत होतो आणि त्यांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांना माझ्याकडून दोन वाक्यं हवी होती. ती मी गिळली होती.

"ह्यांना म्हातारं करू नका," वहिनी म्हणाल्या. "दोघांचं म्हातारपन मी काढलंय. आता त्यांना नको."

माझी फ्रेम मी कागदात गुंडाळून परत नेली आणि घरी गेल्यावर प्रिंट फाडला.

साखरपुड्याला मी कॅमेरा घेऊन गेलो नाही. ब्लेझर घातला, मेडल लावली. एरवी मी ती लावत नाही. हॉल पाहुण्यांनी भरला होता. वहिनी आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, धड आत नाही, धड बाहेर नाही. मुलीचे आजोबा मनमाडहून आले होते, रेल्वेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. त्यांनी चप्पल काढली, फोटोसमोर हात जोडले आणि हलक्या आवाजात मला विचारलं,

"आपले चिरंजीव?"

मी उभा राहिलो. गुडघा दुखला, पण सरळ उभा राहिलो. वहिनींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललो.

"नाही. हे गनर रघुनाथ पगारे. या घरचे मालक, सुमनबाईंचे यजमान, नवऱ्या मुलाचे आजोबा. शेलिंग चालू असताना तुटलेली तार जोडायला एकटे गेले आणि जोडून दिली. त्या तारेवर आमची बॅटरी दिवसभर लढली. ते माझ्याआधी वर्षभर भरती झाले होते. माझे सीनियर आहेत."

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हॉलमध्ये येऊन फोटोखाली बसल्या.