वेणूबाईंचा डबा

"हात धुतले, असं सांगू नकोस. दाखव." वेणूबाईंच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. ते त्या शिशुवर्गाच्या उद्घाटनाला आलेल्या साहेबांनाच म्हणाल्या, असं आमच्या गावात अजून सांगतात. खरं म्हणजे समोर चार वर्षांची सुभी होती. साहेब मागे उभे राहून राष्ट्राच्या भावी आधारस्तंभांवर बोलत होते. त्या आधारस्तंभांपैकी दोन झोपले होते आणि एकाने सतरंजी भिजवली होती.

म्हसावदच्या त्याच शाळेत मी वरच्या वर्गाचा मास्तर. वेणूबाई पुण्याकडच्या, विधवा, मूलबाळ नाही. शाळेमागच्या खोलीत एकट्या राहायच्या. गावाशी त्यांचं भांडण नव्हतं, तसं येणंजाणंही नव्हतं. घरी कोणी आलंच, तर शाळेची किल्ली मागायला. खोटं त्यांना मुळीच खपत नसे. पेरू कोणी तोडला, हे सांगणाऱ्याला त्या माफ करत. न सांगणाऱ्याला पेरू मिळाला तरी पचत नसे.

आश्विन लागला की त्या मुलांकडून खाऊ करून घेत. ज्वारीच्या लाह्या, नव्या शेंगांचे दाणे, गूळ. पाक कोमट झाला की ओल्या हातांनी मुलं लाडू वळत. निम्मा ऐवज वळता वळताच पोटात जाई. उरलेल्या लाडवांत एकही गोल नसे. "गोल कशाला हवा? तोंडात जायचा आहे, देव्हाऱ्यात नाही," असं म्हणून बाई ते ओबडधोबड लाडू जपून डब्यात ठेवत.

आमच्याकडे हे दिवस भुलाबाईचे. कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन मातीच्या भुलाबाईपुढे गाणी म्हणतात. मग घरची बाई झाकलेला डबा वाजवून दाखवते आणि पोरी आतला खाऊ ओळखतात. ओळखला की डबा उघडायचा, खायचं आणि पुढच्या घरी पळायचं. भुलाबाई मांडायची ती ज्या घरात लेक असेल तिथेच. वेणूबाईंच्या दाराशी पोरी कशाला थांबतील?

वर्गाला दोन वर्षं होतात न होतात, तोच वरून हुकूम आला. वर्ग बंद. उद्घाटनाला साहेब आले होते, बंद करायला शिपायावर भागलं. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी बाईंना निघायचं होतं. कोजागरीला त्यांनी वर्गातच भुलाबाई मांडली आणि मुलांना संध्याकाळी बोलावलं. येतील की नाही, या धास्तीने त्या चार वेळा दाराशी येऊन गेल्या. मी शेजारच्या वर्गात वह्या तपासत बसलो होतो.

मुलं आली. गाणी झाली. बाईंनी डबा हलवला.

"लाह्यासना लाडू!" सगळी एकदम ओरडली. ओरडणारच. दुपारी त्यांनीच तर वळले होते.

पलीकडे डबा पुन्हा एकदा वाजला. मग वेणूबाई म्हणाल्या, "नाही."

माझी लेखणी थांबली.

"बाई, मीच वळात ना!" सुभी चिडली. "आते दुपारले!"

"ते वेगळे. हे दुसरंच आहे. ओळखा."

"शेंगा?"

"नाही."

"शिंगाडा?"

"अंहं."

"डबामा उंदीर शे!" कोणीतरी म्हणालं आणि हसू फुटलं. मग पोरांना चेव आला. डब्यात हत्ती निघाला, मास्तरांची टोपी निघाली, सुभीचा मामा निघाला. प्रत्येकाला बाई अगदी गंभीरपणे "नाही" म्हणत होत्या. चंद्र वर आला तशा आया दाराशी जमल्या. "ए सुभी, चाल घर! भाकर थंडी हुई ऱ्हायनी!"

तेव्हा कुठे डबा उघडला. "लाडूच शेतस!" सुभी म्हणाली आणि दोन उचलून आईबरोबर गेली. रिकाम्या वर्गात मी सतरंजी गुंडाळायला गेलो, तर बाई म्हणाल्या, "राहू द्या मास्तर, थोडा वेळ."

सकाळी बैलगाडी आली. नंदुरबारला जाऊन आगगाडी धरायची होती. निरोपाला मी एकटाच. सगळी पोरं भुलाबाई बोळवायला नदीवर गेली होती. त्यांचा गलका ऐकू येत होता.

"बोलावू का त्यांना?" मी विचारलं.

"नको. भुलाबाई काठावर तशीच राहील बिचारी."

गाडीवान म्हणाला, "नदीवरथून लई जाऊ ना, बाई? जवळ पडी."

वेणूबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला. "वरच्या रस्त्याने घे," त्या म्हणाल्या.