पॉलिशखालचा जांभळा रंग

माझी आत्या फर्निचरला पॉलिश करायची. तिच्या लग्नाआधी, ती मावशीकडे राहत असताना, माहेरचं घर पुरात वाहून गेलं, काडीसुद्धा हाती लागली नाही, असं बाबा आणि काका तिला शपथेवर सांगत.

फुकटात होतंय म्हणून बाबांनी आमचं कपाट तिलाच पॉलिशला दिलं. जुना थर खरवडताच आजोबांनी घराच्या दारांना फासलेला तो भडक जांभळा रंग वर आला. मग तिने काकांचं टेबल उलटं करून पाहिलं, खाली तोच रंग. गिधाडांनी घर वाटून खाल्लं होतं.

"अगं, जुन्या बाजारातलं लाकूड आहे," बाबा म्हणाले. चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

आत्याने घरी जाऊन लग्नात या दोघांनी दिलेला पलंग खरवडला.

"एवढी वर्षं माहेरच्या दारावर झोपले," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन थुंकली.