उलट-सुलट

माझी आत्या शिवणकाम करते. तिची सगळी मशिनं गच्चीवरच्या चार सोलर पॅनेलवर चालतात. ही नव्या धाटणीची पॅनेल दोन्ही बाजूंनी वीज करतात, हे कळल्यावर तिने दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्यांच्याखालची फरशी पांढरीशुभ्र रंगवली, म्हणजे फरशीवरून उसळलेलं ऊन खालूनही लागेल. शेजारी म्हणाले, बाईचं डोकं उन्हाने फिरलंय.

काल वीज कंपनीचा तपासनीस आला. गच्चीवरच्या मीटरच्या पडद्यावरचा आकडा बघून म्हणाला, "मीटरमध्ये गडबड केलीत तुम्ही. चार पॅनेलवर एवढी वीज होत नसते."

आत्या वाद घालत बसली नाही. तिने काळ्या अस्तराचा तागा पॅनेलखाली अंथरला. आकडा उतरला. तागा ओढून काढला, तसा आकडा पुन्हा चढला.

"कापडाला उलट-सुलट असतं," ती म्हणाली. "याच्या दोन्ही बाजू सुलट."

तपासनीस ओशाळला, पण हेका सोडेना. "फॉर्ममध्ये मागच्या बाजूच्या विजेला रकानाच नाही, बाई."

आत्याने त्याच्या हातातून फॉर्म घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं.

"इथे लिहा."