मॅटाडोर आणि बोअरचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही.

आमचे हे बसडेपोत मेकॅनिक होते. जन्म गेला दुसऱ्यांच्या गाड्यांखाली आडवं होण्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मॅटाडोर आणली. आत पलंग ठोकला, शेगडीला कोपरा केला, खिडक्यांना माझ्या जुन्या साडीचे पडदे लावले. गाडीतच रांधायचं, गाडीतच झोपायचं आणि कोकणात जाऊन समुद्र पाहायचा — एवढाच हट्ट. अकोल्याच्या उन्हात बसून तारेच्या ब्रशने गंज खरवडायचे, सडलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करायचे, आणि मला हाक मारून दाखवायचे. किती खूश असायचे, काय सांगू?

आणि मला जायचं नव्हतं. ती वर्षं तुम्हाला आठवतात? नांदगाव खंडेश्वरकडे, माझ्या माहेरी, कापूस लागोपाठ बुडत होता. कुणाच्या ना कुणाच्या दारी रडारड. अशात गावची लेक नवऱ्यासोबत समुद्र पाहायला निघाली — लोक काय म्हणतील? भाऊ काय म्हणेल? एवढंच ह्यांना सांगायचं होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला की माझं तोंडच उघडेना. भित्री मी, दुसरं काय?

आमच्या बोअरचं पाणी खारं. कूलरचा पत्रा त्याने बघता बघता चाळणी होतो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ह्यांनी बजावलं होतं, गाडीला नळाचंच गोडं पाणी लावायचं. ते बाजारात गेले की मी — हो, मीच — खालची रबरी मॅट उचलायची, बोअरची बादली ओतायची आणि मॅट पुन्हा नीट अंथरायची. वर पदराने काचाही पुसायची.

ते पत्रा लावत गेले, मी ओतत गेले. एका सकाळी त्यांचा पाय तळातून आरपार गेला. फारसं लागलं नाही. ओणवं होऊन त्यांनी स्वतः केलेला जोड बोटांनी दाबला, तर त्याचा भुगा हातात आला. 

"माह्या हातालेच जंग लागला वो," म्हणाले. "आता याच्यानं काई होत नाई."

तेव्हा तरी बोलायचं ना? मी चहा ठेवला.

गाडी भंगारात गेली. दिवाळीला भावाने विचारलं, भाऊजी समुद्रावर गेलेच नाहीत का? आम्ही तर फोटोंची वाट पाहत होतो. मी हसून विषय बदलला.

ह्यांनी त्यानंतर पान्हा हातात धरला नाही. त्या हातांवर माझा फार जीव आहे. आताही मोरीतला नळ गळतोय. हे दारात उभे आहेत, हात पाठीमागे बांधून, नुसते बघत. मी मिस्त्रीला फोन लावते आहे.